रिकाम्या डबीचं वय काढताय? आधी हे वाचा!

दिवाळीच्या सुट्टीत भोरला किंवा वेल्ह्याला गावी गेलात की माळ्याची साफसफाई कुणाच्या गळ्यात पडते? अर्थात तुमच्याच! शिडी लावायची, आजोबांची ट्रंक खाली काढायची आणि दर पाच मिनिटांनी ओरडायचं, ‘आजी, हे भंगारात देऊ का गं?’ समजा, त्या ट्रंकेत सुया-बटणं ठेवलेली पुठ्ठ्याची एक डबी निघाली. झाकणावर फिकट इंग्रजी अक्षरं: ‘रिव्हॉल्व्हर कार्ट्रिजेस’. थांबा, ती भंगारात टाकू नका. जुन्या काडतुसांच्या रिकाम्या डब्या जमवणारे लोक जगभर आहेत आणि त्यांचा खरा छंद जमवण्यापेक्षा डबीचं वय ओळखण्याचा आहे.

तारीख छापलेली नसेल तर वय कसं काढायचं? युक्ती सोपी आहे. डबीवरची प्रत्येक खूण ‘मी यानंतरची’ किंवा ‘मी याआधीची’ असं काहीतरी सांगते. अशा दोन-तीन खुणा जुळल्या की वर्षं आपोआप आक्रसत येतात.

इंग्लंडहून येणाऱ्या काडतुसांमध्ये ‘इली’ आणि ‘कायनॉक’ ही दोन मोठी नावं. नुसत्या नावावर जाऊ नका, कारण १९१८ साली कंपन्या एकत्र आल्या तरी दोन्ही नावं चालूच राहिली. खालची बारीक ओळ वाचा. ‘आयसीआय’ असेल तर डबी १९२६ नंतरची, कारण ती कंपनीच त्या वर्षी जन्मली. ‘आयएमआय’ असेल तर १९६२ नंतरची.

पण आपल्यासाठी खरी मजा खडकीत आहे. भोरहून पुण्याला येताना जे शहर ओलांडून पलीकडे जायचं, तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. काडतुसाच्या बुडावरचा त्याचा शिक्का ‘केएफ’, म्हणजे ‘किर्की फॅक्टरी’. खडकीला इंग्रज किर्की म्हणत, ते नाव शिक्क्यात तसंच राहिलं. लष्करी डबीवर ‘मार्क’पुढचा आकडा बघा. तो रोमन असेल तर बहुधा १९४४-४५ पूर्वीची रचना. त्या सुमारास ब्रिटिशांनी रोमन सोडून साधे आकडे घेतले. लष्करी पाकीट बहुतेकदा १२ काडतुसांचं, म्हणजे सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर दोनदा भरेल एवढं. दुकानात विकली जाणारी डबी मात्र बहुधा ५० ची.

पुढच्या खुणा तर तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत. किंमत आण्यांत आहे? मग साधारण १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलला दशमान नाणी आली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे? मग १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड’ लिहिलंय? १९७९ नंतरची. ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ असेल तर १ ऑक्टोबर २०२१ नंतरची, म्हणजे तुमच्यापेक्षाही लहान! आणि डबीत ‘भोर संस्थान’चा शिक्का असलेली चिठ्ठी निघाली तर जपून ठेवा. संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झालं, त्यामुळे चिठ्ठी बहुधा त्याआधीची. डबीही तेव्हाचीच असेल असं मात्र नाही. कागद कुणी नंतरही ठेवू शकतं.

नकली डबी ओळखायला नोटा तपासायचा जांभळा टॉर्च पुरतो. १९५० नंतर कागदाला शुभ्र करणारी रसायनं सर्रास वापरात आली. तो कागद टॉर्चखाली निळसर चमकतो. ‘१९१० ची डबी’ म्हणून घेतलेली वस्तू लख्ख चमकली तर समजून जा, कुणीतरी तुम्हाला टोपी घातली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डबी हलवल्यावर आत खडखड झाली तर? हात लावू नका. जिवंत काडतूस परवान्याशिवाय जवळ ठेवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. ‘आजोबांकडे लायसन्स होतं’ हे उत्तर चालत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक गेल्यावर शस्त्र आणि काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. हे कित्येक घरांत राहूनच जातं. म्हणून काडतूस दिसलं तर घरातल्या मोठ्यांना सांगा आणि पोलीस ठाण्याला किंवा ११२ ला फोन करा. ते बॅगेत टाकून स्वतः घेऊन जाऊ नका. एसटीत, मेट्रोत, विमानतळावर ती बॅग तपासली गेली तर तुम्ही नुसते छंदिष्ट उरत नाही. फोटो काढून स्टोरी टाकणं तर नकोच. जुनं झालं म्हणून ते निकामी झालं असंही समजू नका. पुंगळ्यासुद्धा उचलू नका.

डबी रिकामीच निघाली, तर मात्र ती तुमची. तिला सेलोटेप लावू नका, लॅमिनेट करू नका. वेल्ह्याचा पाऊस पुठ्ठ्याला सोडत नाही, तेव्हा बंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. आणि एका कोऱ्या कागदावर पेन्सिलने लिहा: कुठे सापडली, कुणाची होती, कधी सापडली. डबीचं वय खुणा सांगतील, पण ती कुणाची होती हे फक्त आजीला माहीत आहे. म्हणून आजच विचारा. हे उत्तर कुठल्याही लेबलवर छापलेलं नाही.