हमालाचा मालक कोण?

पुण्याच्या मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या हमालाचा मालक कोण? सकाळी एका आडत्याचा गाळा, दुपारी दुसऱ्याचा. त्यामुळे रजा, भविष्यनिर्वाह निधी यांची जबाबदारी कुणीच घेत नसे. १९६९ च्या माथाडी कायद्याने यातून वाट काढली. हमाल आणि व्यापारी दोघांचीही नोंदणी माथाडी मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो; त्या लेव्हीतूनच निधी, बोनस, रजेचा पगार निघतो. असंघटित कष्टकऱ्यांसाठी इतका नेमका कायदा विरळाच. पुण्यात त्यासाठी झगडली ती डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत. तिनेच १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ केंद्रे सुरू केली. तिथे हमालाला स्वस्तात पोटभर जेवण मिळू लागले.