कॅसेट वाचायला शिकलो ती पंचवीस वर्षं

मुंजी, बारशी, लग्नं यांच्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याची लाट आपल्याकडे साधारण २००० च्या आसपास आली, आणि तिच्या पहिल्या काही वर्षांत सगळी धाव व्हीसीडीकडे होती. शूटिंगवाल्याच्या दुकानात कॅसेट द्यायची आणि सीडी घेऊन यायचं. आपल्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ रेषा दिसतात आणि सेकंदाला ५० अर्धचित्रं येतात: एक सम रेषांचं, एक विषम रेषांचं. व्हीसीडीची चौकट ३५२ × २८८ ठिपक्यांची, सेकंदाला २५. म्हणजे निम्मी अर्धचित्रं तिथेच गळाली. नाचणाऱ्या वरातीचा ओघ त्यातच गेला. पण त्याहून वाईट म्हणजे, सीडी हातात आल्यावर कितीतरी घरांनी मूळ कॅसेट टाकून दिल्या.

डीव्हीडीने ७२० × ५७६ ची चौकट दिली, अर्धचित्रंही राखली. तरी चित्र सुधारायचं म्हणजे संगणकातच काहीतरी करायचं, ही समजूत कायम राहिली. टेपवरची खरखर दाबायची, रंग भडक करायचे, कडा टोकदार करायच्या. चेहरे मेणाचे दिसायला लागले.

दर्जा ठरतो तो त्याच्या आधी, टेप वाचली जाते तेव्हा. व्हिडिओ-८, हाय-८, व्हीएचएस-सी या अ‍ॅनालॉग टेपा. टेप किंचित ताणलेली असते, ती वाचणाऱ्या फिरत्या ड्रमची गती सूक्ष्म बदलते, त्यामुळे चित्राची प्रत्येक रेषा थोडी आधी किंवा थोडी उशिरा सुरू होते आणि दाराची सरळ चौकटसुद्धा थरथरते. टाइम बेस करेक्टर हा भाग प्रत्येक रेषा क्षणभर धरून ठेवतो आणि नेमक्या वेळी सोडतो. ही थरथर एकदा फाइलमध्ये उतरली की नंतर काढणं फार कठीण. तसंच केबलचं. पिवळ्या पिनच्या केबलमधून उजेड आणि रंग एकत्र येतात, ते पुन्हा वेगळे करताना रंगीत कडांवर ठिपके सरपटतात. एस-व्हिडिओमध्ये दोन्ही वेगळे येतात. १९९९ मध्ये आलेल्या डिजिटल-८ च्या अनेक कॅमेऱ्यांत जुनी हाय-८ टेप घालून फायरवायर या डिजिटल केबलने थेट संगणकात घेता येते. ज्यांना हे कळलं त्यांची चित्रं आजही नजरेत भरतात.

१९९५ च्या मिनीडीव्हीची गोष्ट जास्त चुटपुट लावणारी. त्या टेपवर चित्र मुळातच आकड्यांत, म्हणजे डिजिटल. फायरवायरने ते जसेच्या तसे उतरतात, तासाला सुमारे १३ जीबी. तेव्हाच्या हार्ड डिस्कला हे झेपत नसे, म्हणून अनेकांनी त्याही टेपा पिवळ्या पिनने घेतल्या आणि नसलेलं नुकसान ओढवून घेतलं.

पुढे हार्ड डिस्क स्वस्त झाल्या. हफवाययूव्ही, मग एफएफव्ही१ यांसारख्या काहीही न गाळणाऱ्या पद्धतींत फाइल ठेवणं परवडू लागलं. क्यूटीजीएमसी या सॉफ्टवेअर स्क्रिप्टने ५० अर्धचित्रांची ५० पूर्ण चित्रं करता येऊ लागली आणि वरातीचा ओघ परत आला. व्हीएचएस-डीकोड हे सॉफ्टवेअर तर टेप वाचणाऱ्या हेडवरून येणारा कच्चा सिग्नलच वापरतं आणि बाकी सगळं काम संगणकात करतं. या सगळ्या काळातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही, टेपवर आहे ते जसंच्या तसं जपण्याची दिशा. चित्र मोठं करणाऱ्या एआयबद्दल माझं मत उलट आहे. आजीच्या चेहऱ्यावर ते जे तपशील भरतं, ते टेपवर कधी नव्हतेच.

व्हीसीआर बनवत राहिलेल्या शेवटच्या कंपन्यांपैकी फुनाईनेही जुलै २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. चालणारी यंत्रं कमी होत जाणार, आणि कोकणातल्या, मुंबईतल्या दमट हवेत टेपांना बुरशी लागते. तशी टेप साफ केल्याशिवाय यंत्रात घालू नका, हेडच खराब होतात. सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी चांगला चालणारा कॅमेरा मिळवा, हेड साफ करून घ्या आणि उतरवलेली पहिली फाइल हात न लावता वेगळी ठेवा. आणि पूर्वी व्हीसीडी करून घेतलेल्या कॅसेट घरात अजून असतील, तर त्या पुन्हा एकदा उतरवून घ्या.