‘नागपूर’चं ‘नगपर’ होतं तेव्हा

‘नागपूरची संत्री’ असं शीर्षक द्यावं आणि त्यावरून तयार झालेला वेबपत्ता ‘नगपरच-सतर’ असा निघावा, हा विनोद नाही. पायथनच्या नेहमीच्या पॅटर्न-नियमाला ‘शब्दात बसणारी अक्षरं आणि अंक ठेव, बाकीचं काढ’ असं सांगितलं की तो इमानेइतबारे हेच करतो. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलंत ही अक्षरं नाहीत, ‘चिन्हं’ आहेत. त्यामुळे ती गळतात. देवनागरी शब्दांचे असे तुकडे पडतात, ही तक्रार पायथनच्या बग-नोंदवहीत 2007 सालीच दाखल झाली होती. देवनागरी वाचता न येणाऱ्या प्रोग्रामरला ‘नगपर’ आणि ‘नागपूर’ यांत काही बिघडलंय हे दिसणारच नाही. हा बग आपणच पकडायचा आणि आपणच नोंदवायचा. स्टॅटिक ब्लॉगच्या बाबतीत हे काम वाटतं त्यापेक्षा खूप सोपं आहे.

सोपं का, ते असा ब्लॉग बनवणाऱ्या साधनांच्या रचनेत आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी 2008 मध्ये रुबी भाषेत जेकिल लिहिलं, स्टीव्ह फ्रान्सिया यांचं गो भाषेतलं ह्यूगो 2013 मध्ये आलं. दोन्हींचं काम एकच: साध्या मजकुराच्या फाइली घ्यायच्या, साच्यात बसवायच्या आणि तयार पानं एका फोल्डरमध्ये टाकायची. वाचक येतो तेव्हा सर्व्हरवर डेटाबेस उघडत नाही, प्लगइन चालत नाही, फक्त तयार पान उचलून दिलं जातं. म्हणजे त्याच फाइली, तेच सेटिंग आणि तेच व्हर्जन असेल तर चूकही जवळपास नेहमी तीच निघते. ती परत घडवून दाखवता येते, आणि घडवून दाखवता आलेला बग अर्धा सुटलेलाच असतो. निम्मे लेख बाजूला काढा, बिल्ड करा. चूक राहिली तर उरलेल्यातले निम्मे काढा. असं करत शेवटी दोन ओळींची एक फाइल हातात उरते. ती फाइल हाच रिपोर्ट.

‘जवळपास नेहमी’ म्हणण्याचं कारण घड्याळ. नागपुरात सकाळी आठची वेळ घालून लिहिलेला लेख सव्वाआठला सर्व्हरवर चढवला आणि तो दिसलाच नाही, तर घाईने बग नोंदवू नये. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. टाइमझोन दिला नसेल तर जेकिल ते आठ यूटीसीचे धरतं, म्हणजे आपले दुपारचे दीड. भविष्यातल्या तारखेचे लेख जेकिल आपणहून गाळतं, आणि बिल्डच्या लॉगमध्ये तसं सांगतंही. लॉग वाचायची सवय नसल्यामुळे कितीतरी ‘बग’ जन्माला येतात. इथे लेखाच्या वेळेपुढे ‘+0530’ लिहिलं की काम झालं.

खरी गंमत ‘वऱ्हाड’मध्ये आहे. यातला ऱ तीन तऱ्हांनी साठवता येतो: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, र आणि नुक्ता मिळून, किंवा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत फाइलचं नाव पहिल्या रूपातून दुसऱ्या रूपात जातं. मजकुरातली लिंक पहिल्याच रूपात राहते. मॅकवर लिंक चालते, लिनक्सच्या सर्व्हरवर पान सापडत नाही. तिसऱ्या रूपाचा घोळ निराळा. जेकिलच्या पत्ता बनवण्याच्या नियमात आता अक्षर आणि अंकांबरोबर चिन्हांचा वर्गही आहे, त्यामुळे मात्रा वाचतात. पण अदृश्य जोडचिन्ह त्या तिन्ही वर्गांत बसत नाही. त्याच्या जागी आडवी रेघ येते आणि ‘वर्-हाड’ असं होतं. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्या तक्रारीवरून हे कोणालाही कळणार नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, फाइलींची नावं रोमनमध्ये द्या की! आजची अडचण त्याने जरूर टळते. पण लेखातल्या मथळ्यांच्या लिंका, टॅग आणि शोध हे सगळं देवनागरीतच राहतं, आणि तीच चूक तिथे पुन्हा भेटते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 2007ची तक्रार असूनही पायथनचा तो नियम अजून तसाच आहे, मग नोंदवून उपयोग काय? प्रत्येक तक्रारीला फळ येत नाही, हे मान्यच करायला हवं. जुन्या, लाखो प्रोग्रामांच्या पायाखाली असलेल्या नियमाला हात लावायला कोणीही कचरतो. ब्लॉगची साधनं त्या मानाने लहान आणि लवचिक. ह्यूगोच्या चाचण्यांमध्ये ‘संस्कृत’ हा शब्द देवनागरीत जोडाक्षरासकट आहे. तो मोडला की चाचणी नापास होते. जेकिलच्या नियमात चिन्हांचा वर्ग आला तोही असाच, रोमनपलीकडच्या लिप्यांच्या गरजेतून.

उरतो इंग्रजीचा संकोच. तो अनाठायी आहे, कारण चांगल्या रिपोर्टमध्ये वाक्यं थोडीच असतात: कोणतं व्हर्जन, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, कोणती कमांड, काय अपेक्षित होतं, काय मिळालं. सोबत ती दोन ओळींची फाइल आणि शब्दातल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक. स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण तिन्ही ‘वऱ्हाड’ त्यात सारखेच दिसतात. आधी कोणी तीच तक्रार केली आहे का, हे शोधून घ्यावं. नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये दिवसभर परक्या ग्राहकांचे बग निस्तरणाऱ्यांना ही शिस्त पाठ आहे. त्यांनी एखादा रविवार ‘वऱ्हाड’ला द्यावा.