प्रतिनिधी आणि आदेश : ऑनलाइन किराण्यातील बदली वस्तूंचा अर्थविचार

किराणा मालाची यादी ही भाषेची एक अगदी साधी कृती मानली जाते. तीत क्रियापद नसते, विभक्तीचे प्रत्यय क्वचितच आढळतात. नामे, थोडी विशेषणे आणि वजनमापे एवढ्यावर तिचे काम भागते. अशी यादी ऑनलाइन दुकानाकडे पाठविल्यानंतर तीतील एखादा जिन्नस शिल्लक नसला आणि दुकानाने त्याच्या जागी दुसरा धाडला, म्हणजे मात्र ह्या साध्या कृतीत किती अर्थ गृहीत धरलेला होता हे ध्यानात येते. आंबेमोहोर मागवावा आणि कोलम यावा, गोड्या मसाल्याच्या जागी गरम मसाला यावा, हा आजच्या शहरी गृहस्थाश्रमातील नित्याचा अनुभव आहे. तक्रार ‘चुकीची वस्तू आली’ अशा शब्दांत नोंदविली जाते. वस्तुतः तेथे घडलेला प्रकार अर्थविषयक मतभेदाचा असतो. ‘क्ष च्या जागी य चालेल’ ह्या विधानाची सत्यता कशावर अवलंबून असते, हा त्यातील मूळ प्रश्न होय. आणि भाषाभ्यासकाला तो अपरिचित नाही.

प्रथम व्यवहाराचे स्वरूप पाहू. ब्रिटनमधील मोठ्या किराणा साखळ्यांत ग्राहकाची मागणी आदल्या दिवशी किंवा त्यापूर्वीही नोंदविली जाते, आणि माल काढणारा कर्मचारी पुष्कळदा प्रत्यक्ष दुकानाच्या मांडणीवरून तो गोळा करतो. नोंदणी आणि वेचणी ह्यांच्यामधल्या काळात माल संपतो, आणि बदली वस्तूचा प्रश्न उभा राहतो. ती नको असल्यास तसे आधी कळविण्याची अथवा दारात आलेली वस्तू परत करण्याची मुभा तेथे असते. अमेरिकेत 2012 साली सुरू झालेल्या इन्स्टाकार्टसारख्या सेवेत ग्राहकाने दुसरी विशिष्ट वस्तू आधीच सुचवावी, निवड वेचणाऱ्यावर सोपवावी, किंवा पैसे परत घ्यावेत, असे पर्याय ठेवलेले आहेत. भारतात मिनिटांच्या हिशेबाने माल पोचविणाऱ्या सेवा लहान लहान गोदामांतून चालतात. तेथे शिल्लक माल जवळजवळ तत्काळ पडद्यावर दिसत असल्यामुळे संपलेली वस्तू बहुधा वगळली जाते. परंतु ठरल्या दिवशी घरपोच येणाऱ्या मोठ्या मागण्यांत, आणि व्हॉट्सॲपवरून वाण्याकडे धाडलेल्या याद्यांत, बदलीची प्रथा कायम आहे. 2020 सालच्या टाळेबंदीत तर तिने जवळजवळ नियमाचे रूप घेतले होते.

कोणती वस्तू कोणत्या वस्तूची जागा घेऊ शकते हे ठरविण्यासाठी दुकानाजवळ दोन साधने असतात : वस्तूंची वर्गवार सूची आणि पूर्वीच्या खरेदीच्या नोंदी. ह्यांपैकी दुसऱ्याची तर्करीती संरचनावादी भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तत्काळ ओळखू येईल. सोस्यूरच्या 1916 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषिक घटकांमधील संबंध दोन प्रकारचे सांगितले आहेत. वाक्यात एकमेकांशेजारी येणाऱ्या घटकांचा संबंध हा एक, आणि एकाच जागी आलटून पालटून येऊ शकणाऱ्या घटकांचा संबंध हा दुसरा. चहा आणि साखर ह्यांचा संबंध पहिल्या जातीचा आहे, एका बनावटीचा चहा आणि दुसऱ्या बनावटीचा चहा ह्यांचा दुसऱ्या जातीचा. अर्थशास्त्रज्ञ ज्यांना पूरक वस्तू आणि पर्यायी वस्तू म्हणतात, त्या ह्याच. झेलिग हॅरिस ह्याने 1951 च्या ग्रंथात व 1954 च्या निबंधात घटकाच्या परिसरावरून त्याचा वर्ग ठरविण्याची पद्धती मांडली. आजची गणकयंत्रे शब्दाची जागा वाक्य आणि वस्तूची जागा खरेदीची टोपली असे समीकरण करून तीच पद्धती राबवितात : सारख्याच टोपल्यांत सापडणाऱ्या वस्तू सारख्या.

ह्या पद्धतीचे सामर्थ्य मान्य केले तरी तिचे वैगुण्य जुनेच आहे. ‘गरम’ आणि ‘थंड’ हे शब्द जवळजवळ सारख्याच परिसरात येतात, म्हणून त्यांपैकी एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. ज्वारीचे पीठ आणि गव्हाचा अंश असलेले मिश्रधान्याचे पीठ एकाच प्रकारच्या टोपल्यांत दिसू शकेल. पण गव्हातील ग्लूटेन ज्यांना वर्ज्य आहे अशा सीलिॲक रोग्याच्या घरी ही बदली अपायकारक ठरते.

वर्गवार सूचीची भिस्त नावावर असते, आणि येथे मराठी स्वयंपाकघर तिची मोठी फजिती करते. ‘इडली रवा’ हा नावाने रवा खरा, पण तो तांदळाचा. गव्हाच्या रव्याचे काम त्याकडून होत नाही. ‘वरीचे तांदूळ’ ह्या नावात तांदूळ आहेत आणि पदार्थात नाहीत. किंबहुना तांदूळ चालत नाहीत म्हणूनच उपासाच्या दिवशी वरी शिजविली जाते. तिच्या जागी कोलम धाडणारा कर्मचारी व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतो, कारण पदसमूहातील प्रधान पद त्याने राखलेले असते! ‘गोडा मसाला’ आणि ‘गरम मसाला’ ह्यांत सामान्य पद एकच आहे, परंतु दगडफूल, तीळ आणि सुके खोबरे ह्यांनी आमटीला येणारी चव दुसऱ्याने येत नाही. उलट कोकम आणि चिंच ह्यांच्या नावांत काहीही सारखे नाही, तरीही आमटीच्या आंबटपणापुरती एक दुसरीची जागा घेऊ शकते. देश बदलला म्हणजे गोंधळात भर पडते. महाराष्ट्रात आणि ब्रिटनमध्ये ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणजे मक्याचे पिष्टसत्त्व. अमेरिकेत त्याच शब्दाने मक्याचे पीठ समजतात, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला ह्या भेदाची ओळख बहुधा पहिल्या बिघडलेल्या रश्श्यातून होते.

तेव्हा ‘जवळची वस्तू’ म्हणजे कशात जवळची, हा प्रश्न टाळता येत नाही. पाणिनीच्या शास्त्रात तो स्पष्टपणे विचारलेला आहे. ज्याच्या जागी काही यावयाचे तो स्थानी, आणि जो येतो तो आदेश. अष्टाध्यायीतील एका सूत्राने (1.1.50) अनेक संभाव्य आदेशांतून अंतरतम, म्हणजे सर्वांत निकटचा, निवडावयास सांगितले आहे. टीकाकारांनी ही निकटता चार प्रकारची मानली : उच्चारस्थानाची, अर्थाची, गुणाची आणि प्रमाणाची, आणि अनेक निकटता एकत्र आल्यास स्थानाची निकटता बलवत्तर, असा अग्रक्रमही ठरविला. किराण्याच्या सूचीत नेमका हा अग्रक्रम नसतो. एक किलोच्या पिशवीऐवजी अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या येतात तेव्हा प्रमाण राखले जाते. त्याच बनावटीचे दुसरेच पीठ येते तेव्हा केवळ छाप राखली जाते. दोन्हींची नोंद ‘बदली’ अशी एकाच नावाने होते.

दुसरे सूत्र (1.1.56) अधिक उपयोगाचे आहे. आदेशाला स्थानीचे सर्व अधिकार मिळतात. अपवाद केवळ वर्णावर अवलंबून असलेल्या कार्याचा. ‘अस्’ च्या जागी ‘भू’ आला तरी तो धातूच राहतो आणि धातूला विहित असलेले प्रत्यय त्यास लागतात; परंतु ‘अस्’ मधील विशिष्ट वर्णांमुळे जे कार्य व्हावयाचे, ते ‘भू’ ला होत नाही. बदली वस्तूचेही असेच म्हणता येईल. यादीतील जागा, पिशवीतील जागा, काही दुकानांत मूळ वस्तूची किंमतसुद्धा तिला मिळते. द्रव्यावर अवलंबून असलेले कार्य मात्र तिला मिळत नाही. साधा गूळ हा चिकीच्या गुळाच्या जागी येऊन चहात विरघळेल. संक्रांतीची चिक्की त्याने तशी कुरकुरीत होणार नाही.

प्रयोजनाचा विचार ह्याहून खोल जाऊन केला तो पूर्वमीमांसेने. जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायातील तिसरा पाद मुख्यतः ‘प्रतिनिधी’ ह्या विषयास वाहिलेला आहे, आणि त्यातील प्रश्न थेट गोदामातले वाटावेत असे आहेत. यज्ञासाठी विहित केलेले व्रीही नाहीसे झाले, तर कर्म सोडावे की दुसरे धान्य घ्यावे? मीमांसकांचे उत्तर असे की नीवार घ्यावेत, कारण व्रीहीच्या ज्या अंशाने पुरोडाश सिद्ध व्हावयाचा तो अंश नीवारांतही सापडतो. म्हणजे सादृश्याचा निकष नावाचा नसून कर्मसिद्धीला लागणाऱ्या अंशाचा आहे. सोमाच्या जागी पूतीका घ्यावी हे वचनानेच सांगितले असल्यामुळे तेथे सादृश्याचा शोध घेण्याचे कारण उरत नाही. ग्राहकाने आधीच नाव घालून दिलेला पर्याय तो हाच.

ह्यापुढचे दोन निर्णय आजच्या व्यवहारात दुर्लक्षिले जातात. पहिला असा की जे द्रव्य निषिद्ध आहे ते कितीही सदृश असले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. वरीच्या जागी आलेले तांदूळ आणि सीलिॲक रोग्याच्या घरी आलेले मिश्रधान्याचे पीठ ह्या नियमाने सादृश्याच्या विचारापूर्वीच बाद होतात. दुसरा असा की काही गोष्टींना प्रतिनिधीच नसतो. देवता, अग्नी, मंत्र आणि स्वतः विहित कर्म ही मीमांसकांची गणना आहे. यजमानालाही सामान्यतः प्रतिनिधी नाही. घरगुती यादीतही अशा वस्तू असतात : तान्ह्या मुलाला वैद्याने नेमून दिलेली दुधाची भुकटी ही त्यांतील एक. तिच्या बाबतीत ‘निकटची वस्तू’ शोधणे हाच प्रमाद होय. उपलब्ध नसल्यास तसे कळवावे आणि पैसे परत करावेत, एवढेच दुकानाचे कर्तव्य उरते.

प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नाला आता कायद्याचीही बाजू आहे. भारताच्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 अन्वये ग्राहकाची खरेदीची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतूनच व्यक्त झाली पाहिजे. आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीने ती गृहीत धरता येत नाही. ठरल्याप्रमाणे गुणविशेष नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असेही हे नियम सांगतात. मौन म्हणजे संमती हा संवादातील संकेत येथे चालत नाही. तथापि ग्राहकाचे शहाणपण एवढ्यावर थांबू नये. सूचनेसाठी ठेवलेल्या रकान्यात पुष्कळ लोक वस्तूचे नावच पुन्हा लिहितात, आणि त्याने वेचणाऱ्याला नवे काहीच कळत नाही. ‘उपासासाठी’, ‘चिक्कीसाठी’, ‘गहू अजिबात चालत नाही’, अशा दोन-तीन शब्दांनी त्याच्या हाती प्रयोजन किंवा निषेध पडतो. वेचणाऱ्याला एका वस्तूमागे मिळणारा वेळ थोडा असतो, आणि अनेकदा त्याचा त्या पदार्थाशी जन्माचाही परिचय नसतो, हे विसरून त्याला दोष देणे योग्य नव्हे. जुन्या वाण्याची गोष्ट वेगळी होती. ‘आंबेमोहोर संपलाय, इंद्रायणी देऊ का?’ असे तो विचारी, तेव्हा कोणत्या घरी केव्हा काय शिजते हे त्याला ठाऊक असे. शिवाय इंद्रायणी हे आंबेमोहोराच्याच संकरातून निघालेले वाण असल्यामुळे वासाची निकटताही तो आपोआप साधत असे. त्याचे मुख्य बळ मात्र त्या प्रश्नचिन्हात होते.

मीमांसकांचा आणखी एक निर्णय येथे नोंदविला पाहिजे. प्रतिनिधी म्हणून घेतलेले द्रव्यही मध्येच नाहीसे झाले, तर पुढचे द्रव्य मूळ द्रव्याशी सदृश असे शोधावे. प्रतिनिधीशी सदृश असे नव्हे. मागील खरेदीच्या नोंदीवरून पुढची यादी तयार करून देणाऱ्या ॲपमध्ये हा नियम सहज मोडतो. आंबेमोहोराऐवजी एकदा कोलम आला आणि ग्राहकाने तो मुकाट्याने ठेवून घेतला, म्हणजे नोंदीत कोलम हाच स्थानी होऊन बसतो. कोलम नसल्यास कोलमसारखा दुसरा तांदूळ सुचविला जातो, आणि दोन-तीन मागण्यांत आंबेमोहोराचा मागमूस राहत नाही. शब्दाच्या अर्थाचे पिढ्यानुपिढ्या होणारे सरकणे ज्यांनी अभ्यासिले आहे, त्यांना ही प्रक्रिया एका महिन्यात घडताना पाहावयास मिळेल. ग्राहकापुरता उपाय सोपा आहे : बदली वस्तू ठेवून घेतली तरी जतन केलेल्या यादीत मूळ नाव पुन्हा घालावे.