दोन झटक्यांच्या मधला माणूस

एमिल क्रेपेलिन हा जर्मन मनोविकारतज्ज्ञ एकेका रुग्णाची हकिकत कार्डावर टिपायचा आणि मग त्या कार्डांचे गठ्ठे लावत बसायचा. उन्माद आणि खिन्नता ही एकाच आजाराची रूपं आहेत, हे त्याने १८९९ मध्ये मांडलं.

त्याचं दुसरं निरीक्षण मात्र अधिक मजेशीर आहे. झटका ओसरल्यावरही अनेकांच्या स्वभावाला एक ठरावीक रंग असतो. कुणी कायमचा खिन्न, कुणी सदा उत्साहाने फसफसलेला, कुणी नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारा, तर कुणी घटकेत हसरा, घटकेत रडवेला. कधीच आजारी न पडलेल्या नातेवाइकांतही हे रंग दिसत.

पुढे हागोप अकिस्काल या बैरुतमध्ये जन्मलेल्या तज्ज्ञाने त्यात चिंतातुर स्वभावाची भर घातली आणि सहकाऱ्यांसह हे पाचही स्वभाव तपासणारी प्रश्नावली तयार केली.

हा नुसता वर्गीकरणाचा हौशी खेळ नव्हे. नैराश्य घेऊन आलेली व्यक्ती मुळात चढउतारी स्वभावाची असेल, तर ते नैराश्य बायपोलर, म्हणजे उन्माद आणि खिन्नता अशी दोन्ही टोकं असलेल्या, आजाराचं असण्याची शंका बळावते. अशा वेळी नुसतं नैराश्यविरोधी औषध दिलं, तर मन कधी कधी उलट्या टोकाला उसळतं. म्हणून अनुभवी डॉक्टर सोबत आलेल्या बहिणीला किंवा नवऱ्याला हटकून विचारतात, ‘‘एरवी या कशा असतात?’’