जमिनीखालच्या टाकीवर पहारा

पेट्रोलपंपावर आपल्याला दिसते ते छप्पर, यंत्र आणि नळी. खरा साठा असतो पायाखाली, हजारो लिटरच्या पोलादी टाक्यांत. अशा टाकीला किंवा तिच्या पाइपला बारीक छिद्र पडले, तर ते कळणार कसे?

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. उत्तरेला वसईची खाडी, आसपास मिठागरे आणि सखल जमीन. खारट ओलाव्यात पोलाद लवकर गंजते. शिवाय नळाचे पाणी कमी पडले की अनेक सोसायट्यांना बोअरवेल आणि टँकरचा आधार घ्यावा लागतो.

पेट्रोलमध्ये असलेले बेन्झिन कर्करोगाला कारणीभूत ठरते. आपल्याकडे पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त 1 टक्का असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमधील बेन्झिन 8 लाख लिटरहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. म्हणजे 10 हजार लिटरचे 80 टँकर! प्रत्यक्षात काही बेन्झिन उडून जाते, काही जिवाणू खातात. पण धोक्याचे प्रमाण यावरून लक्षात यावे.

पंपावर साठा मोजण्याची जुनी पद्धत म्हणजे डिपरॉड, म्हणजेच खुणा केलेली पट्टी टाकीत सोडायची. पण 20 हजार लिटरच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत एक मिलिमीटरचा फरक दहा लिटरहून अधिक भरतो. त्यात तापमानाचा घोळ. उन्हात तापलेल्या टँकरमधून आलेले 10 हजार लिटर पेट्रोल एका अंशाने थंड झाले, तरी सुमारे दहा लिटरने आकसते. गळती थोडी असेल, तर ती या फरकातच लपून जाते.

स्वयंचलित मापन यंत्रणा इथे कामी येते. टाकीत एक उभी नळी असते आणि तिच्यावर चुंबक बसवलेले दोन फ्लोट. वरचा इंधनावर तरंगतो, खालचा तळाच्या पाण्यावर. नळीतील तारेतून विजेचा स्पंद सोडला की चुंबकापाशी तारेत सूक्ष्म पीळ पडतो आणि त्याची लहर वर परतते. तिला लागलेल्या वेळेवरून पातळी ठरते, तीही मिलिमीटरच्या अंशापर्यंत. वेगवेगळ्या उंचीवरचे तापमापक आकसण्याचा हिशेब जुळवतात. विक्री बंद असताना काही तास पातळी स्थिर राहायला हवी; घसरली तर इशारा वाजतो. अमेरिकेच्या नियमानुसार महिन्याच्या तपासणीत तासाला पाऊण लिटर गळतीही पकडता आली पाहिजे. ही गळती किरकोळ वाटते, पण महिन्याला ती 500 लिटरच्या पुढे जाते. महामार्गावरचा पंप चोवीस तास चालतो, तिथे विक्रीमधले शांत क्षण जोडून संगणक हाच हिशेब करतो.

पावसाळ्यात उलटेही घडते. भूजल वर आले की छिद्रातून पाणी टाकीत शिरते. इथे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे नवा पेच आहे. इथेनॉल पाणी शोषते आणि पाणी वाढले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. हे मिश्रण निव्वळ पाण्यापेक्षा हलके असल्याने जुना फ्लोट ते ओळखेलच असे नाही. त्यासाठी वेगळा फ्लोट लागतो.

यंत्र बसवले की काम संपले, असेही नाही. 11 डिसेंबर 2005 रोजी ब्रिटनमधील बन्सफिल्ड इंधन डेपोत टाकी भरत असताना पातळीमापक अडकला होता. पातळी फार वाढल्यास पुरवठा तोडणारी स्वतंत्र कळही चालली नाही. पेट्रोल ओसंडले, स्फोट झाला आणि 40 हून अधिक माणसे जखमी झाली. मापकाचीही नियमित तपासणी हवी आणि प्रत्येक इशाऱ्याची दखल घेतली जायला हवी.

नागरिकांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बोअरवेलच्या पाण्याला पेट्रोल-डिझेलचा वास आला किंवा त्यावर रंगीत तवंग दिसला, तर ते पिऊ नये, त्याने आंघोळही करू नये. उकळणे हा उपाय नाही. त्याने वाफा स्वयंपाकघरात पसरतात. महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवावे. तळघरात किंवा गटारात असा वास आला, तर विजेचे बटण दाबू नये, काडी ओढू नये. बाहेर पडून 101 वर अग्निशमन दलाला बोलवावे.