फायबरच्या नावेत दडलेली कूज

भंडारा जिल्ह्याचे जीवन पाण्याच्या आधाराने वाढलेले आहे. वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र, कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले आणि पुढे मालगुजारी या नावाने ओळखले जाऊ लागलेले तलाव, आणि पवनी तालुक्यात 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या, 33 दरवाजांच्या गोसीखुर्द धरणाचा जलाशय, या तिन्ही पाण्यांवर मासेमारी आणि ये-जा ढिवर समाजाच्या लाकडी डोंग्यांवर आणि नावांवर अवलंबून राहिली. अलीकडच्या दशकांत त्यांच्या जोडीला फायबरच्या नावा आल्या, आणि त्यांच्याबरोबर फायबर कुजत नाही, म्हणून नाव जुनी असली तरी भक्कमच असते, हा समजही आला. त्यातील पहिले विधान बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे, कारण फायबरच्या अनेक नावांच्या आत लाकूड असते आणि ते कुजते.

फायबरची नाव काचेच्या बारीक तंतूंचे कापड किंवा चटई साच्यात अंथरून आणि तिच्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारे राळेसारखे रसायन, मुरवून तयार होते. बाहेरच्या चकचकीत रंगीत थराला जेलकोट म्हणतात. तंतू आणि रेझिन यांचे हे कवच ताणाला चिवट असले तरी पातळ असल्यामुळे दाबाखाली लवचते. ते ताठ राहावे म्हणून दोन थरांच्या मध्ये प्लायवूड, बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड किंवा फोम घालतात. नावेची मागची उभी, सपाट भिंत म्हणजे ट्रान्सम, तळातून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या आधारपट्ट्या म्हणजे स्ट्रिंजर, आणि पाय ठेवण्याचा तक्ता या तीन ठिकाणी असे लाकूड विशेषतः आढळते. इंजिन ट्रान्समवर टांगलेले असल्यामुळे त्याचे वजन, ओढ आणि कंपने हीच भिंत सोसते. म्हणून तिच्यातील लाकडाची अवस्था ही सर्वांच्या जिवाशी निगडित बाब ठरते.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला लाकूड, हवा, ऊब आणि ओलावा या चार गोष्टी लागतात, आणि त्यांतील ओलावाच माणसाला रोखता येतो. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत राहिले, तर बुरशी सहसा वाढत नाही. ते 28 ते 30 टक्क्यांच्या पुढे गेले, म्हणजे लाकडाचे तंतू पाण्याने तृप्त झाले, की तिला पोषक स्थिती मिळते. सतत पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नसल्यामुळे ते दीर्घकाळ टिकते, तर आलटून पालटून भिजणारे, अर्धवट ओले आणि कोंडलेले लाकूड लवकर जाते. मीठ बुरशीला मारक असल्यामुळे समुद्राच्या पाण्यापेक्षा गोडे पाणी आणि त्याहूनही नावेत साचणारे पावसाचे पाणी अधिक घातक असते. सुमारे तेराशे मिलिमीटर पावसाच्या, दमट आणि उबदार पावसाळ्याच्या भंडाऱ्यात काठावर उघडी पडून राहिलेली नाव म्हणूनच वापरातल्या नावेपेक्षाही वेगाने आतून खचू शकते.

पाणी आत शिरते ते कवचाला पाडलेल्या छिद्रांतून. इंजिनाचे बोल्ट, दोर बांधण्याच्या कड्यांचे स्क्रू, साचलेले पाणी काढण्याचे भोक, म्हणजे ड्रेन, आणि तक्त्याच्या कडा येथील सील जुने झाले, की थेंबाथेंबाने ओल लाकडापर्यंत पोहोचते. दोन्ही बाजूंनी फायबरचे आवरण असल्यामुळे ती बाहेर पडत नाही. पाण्यापासून जपणारे आवरणच पाणी कोंडून ठेवणारे ठरते, आणि त्यामुळे बाहेरून नवा रंग दिलेल्या नावेची आतली स्थिती डोळ्यांना कळत नाही.

म्हणून जुनी नाव विकत घेताना किंवा दुरुस्तीला काढताना परीक्षा पायरीपायरीने करावी लागते. पहिली पायरी निरीक्षणाची. नाव पाण्याबाहेर काढून, तळ पुसून, काही दिवस सावलीत वाळू दिल्यावर ट्रान्समच्या कोपऱ्यांतील आणि बोल्टांभोवतीच्या जेलकोटला पडलेल्या ताऱ्यासारख्या भेगा, बोल्टखाली दबलेले कवच आणि छिद्रातून झिरपलेले तपकिरी पाणी यांचा शोध घ्यावा. तक्त्यावर चालताना पायाखाली लवच जाणवली, किंवा इंजिनाचा खालचा भाग हाताने वर-खाली केल्यावर ट्रान्समची वरची कड हलली, तर आतला आधार सैल झाला आहे असे समजण्यास सबळ कारण असते. तळावरील फोड मात्र वेगळ्या प्रकारचा दोष असतो. पाणी रेझिनमध्ये झिरपून त्याचे विघटन झाल्यामुळे ते उठतात, फोडल्यास आंबूस वासाचा द्रव निघतो, आणि लाकडाच्या कुजण्याशी त्यांचा थेट संबंध नसतो.

दुसरी पायरी ठोकून पाहण्याची. बाजारात माठ घेताना तो टिचकीने वाजवून पाहतात, त्याच न्यायाने प्लास्टिकच्या लहान हातोडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कवच बोटाबोटाच्या अंतरावर हलकेच वाजवावे. निरोगी, घट्ट चिकटलेल्या भागातून खणखणीत आवाज येतो; लाकूड मऊ झाले असेल किंवा थर सुटले असतील तेथे तो बद्द होतो. आवाज बदलेल तेथे खडूने रेघ ओढत गेल्यास शेवटी बिघडलेल्या भागाचा नकाशाच कवचावर उमटतो. आतल्या बाजूच्या पट्ट्या किंवा जाडीतील फरक यांमुळेही आवाज बदलतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या समान जागांची तुलना केल्यावाचून निर्णय देऊ नये.

तिसरी पायरी ओलावामापकाची. कवचावर टेकवून वापरण्याचे हे उपकरण त्याखालील ओलीचा अंदाज देते, परंतु कवचामागील धातू, काही रंग आणि पृष्ठभागावरील दमटपणा यांनी त्याचे वाचन फसते. त्यावरील आकडा लाकडातील पाण्याची नेमकी टक्केवारी मानण्याऐवजी, त्याच नावेच्या खात्रीच्या कोरड्या भागाशी तुलना करण्यासाठी वापरणे योग्य. शिवाय ओले लाकूड म्हणजे कुजलेले लाकूड नव्हे; ओल ही कुजण्याची पूर्वअट आहे, तिचा पुरावा नव्हे.

पुरावा मिळतो तो चौथ्या पायरीत. संशयित जागी, शक्यतो आतल्या बाजूने, तीन-चार मिलिमीटरच्या ड्रिलने कवचातून लाकडापर्यंत छिद्र घ्यावे, समोरच्या बाजूचे कवच भेदू नये, आणि बाहेर येणारा भुसा तपासावा. तो फिकट, कोरडा आणि तंतुमय असेल तर लाकूड शाबूत आहे. काळपट, ओलसर, चिखलासारखा आणि कुबट वासाचा असेल तर कूज लागली आहे. ट्रान्समच्या तळाशी, ड्रेनच्या भोकाजवळ आणि इंजिनाच्या बोल्टांशेजारी अशी छिद्रे घेतल्यावर ती पूर्ण कोरडी करून इपॉक्सीने, म्हणजे लाकडाला घट्ट चिकटणाऱ्या रेझिनने, बुजवणे अनिवार्य आहे, अन्यथा तपासणीच नव्या कुजण्याची वाट ठरते.

कूज सापडल्यावर तिची हद्द ठरवणे महत्त्वाचे असते, कारण बुरशी डोळ्यांना दिसणाऱ्या डागाच्या पुढे पसरलेली असते आणि लाकडाचे वजन थोडेसेच घटलेले असतानाही त्याची ताकद मोठ्या प्रमाणात घटलेली असते. छिद्रातून पातळ इपॉक्सी ओतून ती ताकद परत येत नाही. कवचाचा एक थर कापून, कुजलेले लाकूड निरोगी भागापर्यंत काढून, उरलेले पूर्ण वाळवून त्या जागी भारतीय मानक 710 नुसार बनलेले मरीन प्लायवूड बसवणे आणि काचेचे नवे थर जुन्या कवचावर जाडीच्या सुमारे बारापट रुंदीचा उतार देऊन जोडणे हीच विश्वासार्ह दुरुस्ती होय. एकट्या ट्रान्सममधील कूज अशा रीतीने आटोक्यात येते. स्ट्रिंजर, तक्ता आणि ट्रान्सम तिन्ही गेले असतील, तर स्वस्तात मिळालेली नाव नव्या नावेपेक्षा महाग पडण्याचा संभव असतो, आणि अशी नाव न घेण्याचा निर्णयही परीक्षेचे यशच मानावा.

या सर्व विवेचनाचा भंडाऱ्याशी असलेला संबंध ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरासारख्या प्रसंगी स्पष्ट होतो. बचावाच्या नावा वर्षातील बहुतेक काळ निष्क्रिय असतात, आणि कूज नेमकी निष्क्रिय नावेतच वाढते. ज्या दिवशी इंजिन पूर्ण जोराने चालवून भरलेली नाव प्रवाहाविरुद्ध न्यावी लागते, त्याच दिवशी कमकुवत ट्रान्समची कसोटी लागते. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 ने 1917 च्या कायद्याची जागा घेऊन यंत्रचलित नावांसाठी सर्वेक्षण आणि नोंदणीची चौकट घातली आहे, तसेच विनायंत्र नावांच्या नोंदणीत स्थानिक स्वराज्य संस्थांना स्थान दिले आहे. या चौकटीला गावपातळीवरील सवयीची जोड मिळाली पाहिजे. मृग नक्षत्रापूर्वी दरवर्षी प्रत्येक नाव ठोकून पाहावी, बद्द आवाजाच्या जागा तारखेसह वहीत नोंदवाव्यात, मागील वर्षाच्या नोंदीशी त्या ताडून पाहाव्यात, आणि नाव उभी ठेवताना ती झाकून, ड्रेनचे बूच काढून, पाणी वाहून जाईल अशा उतारावर ठेवावी. यासाठी लागणारी साधने म्हणजे एक हातोडी, खडू आणि वही, आणि त्यांनी टळणारी हानी माणसांच्या जिवाची आहे. तेव्हा ही तपासणी मच्छीमार संस्था, ग्रामपंचायत आणि नावेचा मालक या तिघांनीही आपले नियमित कर्तव्य मानणे आवश्यक आहे.